दिवेलागणीच्या आत

उलटा करून गार पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. छाप्यावर इस्त्री फिरवू नका.

बस, एवढंच. कपड्यावर फोटो नाहीतर नाव छापून देणारा कुठलाही दुकानदार एवढंच सांगतो, आणि तेही पिशवी हातात कोंबता कोंबता, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघत. पण माझ्या दुकानाला लागून ज्यांचं दुकान होतं त्या अण्णांची तऱ्हाच वेगळी. ते गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायचे, चारी सूचना एकेक करून सांगायचे, आणि मग म्हणायचे, "आता तुमी म्हणून दाखवा."

म्हणून दाखवल्याशिवाय कपडा मिळायचा नाही. मग समोर कोणी का असेना. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे टीशर्ट न्यायला त्याचा उजवा हात आला होता. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, बाहेर गाडी घुरघुरत उभी. त्यानं पहिली सांगितली, दुसरी सांगितली, आणि तिसरी गाळून डायरेक्ट इस्त्रीवर गेला. अण्णांनी गठ्ठा उचलून परत फळीवर ठेवला.

"तिसरी सांगा."

"ओ मामा, बाहेर गाडी चालू हाय."

"बंद करा की मग. कामून जाळायलाव फुकट?"

त्यानं गाडी बंद केली, आत येऊन बसला आणि शाळेतल्या पोरासारखं चारी सूचना म्हणून दाखवल्या. मी भिंतीपलीकडून ऐकत होते आणि तोंडात पदर कोंबून हसत होते.

बसवकल्याणच्या बसस्टँडामागच्या गल्लीत आमची दुकानं. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्यांच्या आणि माझ्या मध्ये एकच पातळ भिंत. मागं दोघांत मिळून एक परसू, त्यात शेवग्याचं झाड, एक नळ आणि एक दोरी. ही दोरी ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. ते दुकानामागच्या खोलीत राहायचे. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का. नातं काही नाही, पण सख्ख्या भावाशी मी जेवढी भांडले नसेन तेवढी त्यांच्याशी भांडले. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. खोटं कशाला बोलू, खरंच नाही. मनात आलं की ओठावर आलंच. गिऱ्हाइकाच्या दंडाचं माप घेताना "लई सुटलीस की गं" म्हणून मी चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवली आहेत.

अण्णा उंच, काडीसारखे. अंगात नेहमी साधा पांढरा शर्ट, त्यावर कधी एक अक्षर छापलेलं नाही. "दुसऱ्याला छापून देता, स्वतः कामून घालत न्हाई?" विचारलं तर म्हणायचे, "मी धुवायला चुकलो तर कुणाला जाब विचारू?" सूचना सांगायचे ज्याच्या त्याच्या भाषेत. किल्ल्याकडच्या एखाद्या अम्मा आल्या की "निचोडना नक्को, अम्मा, छाँव में सुखाना." हुमनाबादकडचा माणूस असला की सावलीत वाळवायचं कानडीत, "नेरळाग ओणगसरी." आणि सांगून भागायचं नाही. गल्लीतून जाताना कोणाच्या अंगणात आपला छापा उन्हात वाळताना दिसला की हे सरळ फाटक उघडून आत. शर्ट उलटा करायचे, ओढून सावलीत घालायचे आणि चिमटा लावून बाहेर. एकदा एका बाईनं झाडू घेऊन पाठलाग केला त्यांचा. "माझ्या दोरीला हात लावायलाय मेला!" म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. अण्णा लांबूनच ओरडले, "बाई, तुमच्या नातवाचा चेहरा भाजायलाय उन्हात!" बाईनं झाडू खाली टाकला. वळून दोरीकडं बघितलं. तिथनं पुढं त्या घरात टीशर्ट कधी उन्हात दिसला नाही.

आणि हा माणूस भोळसट मात्र मुळीच नव्हता. दर रविवारी विहारात जाणारा, एप्रिलच्या जयंतीचे निळे टीशर्ट रात्रंदिवस जागून छापणारा. भूत, करणी, नजर, उतारा असलं काही निघालं की त्यांचं डोकं फिरायचं. "आमच्या बापानं हे सगळं सोडलं, अक्का, ते काय मी परत उचलायला?" मी एकदा दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. दुपारी बघते तर गायब. संध्याकाळी अण्णा ताटलीत गरम भजी घेऊन आले. "मिरच्या तुमच्याच हायत," म्हणले.

हे सगळं आधी एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, असेल कोणी देवऋषी. नव्हते ते.

पाचवी सूचना त्यांनी घातली ती एका माउलीमुळं. राजेश्वर गावचं एक तरणं पोरगं मोटरसायकलच्या अपघातात गेलं. मित्रांनी त्याच्या फोटोचे टीशर्ट छापून घेतले, वर नाव, खाली श्रद्धांजली. आता सगळीकडं असंच करतात. एक टीशर्ट त्याच्या आईसाठी नेला. तिनं तो धुऊन अंगणात वाळत घातला. अंधार पडायच्या सुमाराला कपडा काही दिसत नाही, दिसतो तो चेहरा, माणसाच्या उंचीवर, वाऱ्यानं जरा हलणारा. ती माय स्वयंपाकघरातून तांब्याभर पाणी घेऊन बाहेर गेली. बाहेरून आलेल्या माणसाला पाय धुवायला देतात ना, तसं. दोरीपुढं उभी राहून म्हणली, "आलास का रे? लई उशीर केलास."

हे त्या पोराच्या चुलत्यानं येऊन सांगितलं.  तेव्हापासून गेलेल्या माणसाचा फोटो असला की ते चारीनंतर थांबायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "आन् दिवेलागणीच्या आत दोरीवरून काढा."

भीतीपोटी नाही, मायेपोटी घातलेली सूचना ती. मलाही पटली. आमच्याच परसात मला रोज तो अनुभव येत होता.

कारण मागच्या दोरीवर अण्णांच्या पोराचा शर्ट असायचा.

एकच पोरगा. आई लहानपणीच गेलेली, म्हणून अर्धा माझ्याच दुकानात वाढला. चिंध्यांचे चेंडू करून भिंतीवर मारायचा आणि माझ्या शिव्या खायचा. शिकला, पुण्याला कंपनीत लागला. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग कधीतरी. अण्णांनी त्याच्या वाढदिवसाला त्याचाच हसरा फोटो छापलेला शर्ट कुरिअरनं पाठवला. तो परत आला. वर लिहिलेलं, इथे राहत नाहीत. फोन लावला तर बंद. अण्णा गेले पुण्याला. खोलीवाल्यानं त्याची बॅग काढून हातात दिली, म्हणला, गेला तो गेला, सामान न्यायलाही आला नाही. पोलिसात सांगून झालं, दवाखाने पालथे घातले, कंपनीतल्या पोरांना गाठलं. कोणाला काही ठाऊक नाही. अण्णा तो परत आलेला शर्ट घेऊनच घरी आले.

तो शर्ट कोणी घालत नव्हतं, तरी दर सोमवारी धुवायचे. गार पाण्यात, उलटा करून. आणि वाळला की आठवडाभर रोज सुलटा करून परत दोरीवर लावायचे आणि अंधार गुडुप होईपर्यंत तसाच ठेवायचे. मी पाणी भरायला मागं जायची आणि दर वेळी काळजात धस्स व्हायचं. शेवग्याखाली हे पोरगं उभं. हसायलंय.

"अण्णा, गावाला अक्कल शिकवता अन् स्वतः? काढा की ते दिवेलागणीच्या आत!"

तेव्हा एकदाच ते माझ्यावर भडकले. "ती सूचना गेलेल्यांची हाय, अक्का. माझं पोरगं गेलेलं न्हाई."

मी गप्प बसले. म्हणजे माझ्या मानानं गप्प, दोनचार वाक्यं बोललेच असेन.

आता त्या नवरदेवाचं सांगते. निर्णा गावचं पोर, लग्न ठरलेलं. हळदीसाठी पिवळे टीशर्ट, पुढं नवरदेवाचा फोटो गॉगल लावून. स्वतः नवरदेवच न्यायला आला होता, संगं चारपाच मित्र, नुसता धिंगाणा. मी बघायला म्हणून दारात उभी. अण्णांची एक सवय होती. तापलेल्या प्रेसमधून कपडा निघाला की छाप्यावर तळहात ठेवून बघायचे, नीट बसलाय की नाही ते. तसा शेवटच्या टीशर्टावर त्यांनी हात ठेवला आणि बोलायला लागले. उलटा करून गार पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा. छाप्यावर इस्त्री फिरवू नका.

आणि थांबले. आवाज खाली आला.

"आन् दिवेलागणीच्या आत दोरीवरून काढा."

पोरांना काय त्याचं! त्यांनी पाचीच्या पाची हसत हसत म्हणून दाखवल्या. नवरदेवानं सगळ्यांत मोठ्यानं. ती गेल्यावर मी म्हणलं, "काय ओ अण्णा, नवरदेवाला पाचवी?"

"चुकून आलं तोंडात." पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. उजवा हात ते शर्टाला पुसत होते, सारखा सारखा.

हळदीच्या आदल्या दिवशी ते पोरगं शेतात मोटर चालू करायला गेलं आणि करंट लागून जाग्यावर पडलं. पिवळे टीशर्ट मित्रांनी घातले, पण त्याला खांदा द्यायला. उमरग्याच्या बसमधून येणाऱ्या एका बाईनं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली.

योगायोग. मीच म्हणलं अण्णांना, योगायोग असतोय. ते तर माझ्याआधी म्हणत होते. मग एका निवृत्त मास्तरांच्या सत्काराचे टीशर्ट झाले. मास्तर ठणठणीत, रोज सकाळी किल्ल्याला वळसा घालून येणारे. त्यांच्या लेकाला अण्णांनी पाचवी सूचना दिली आणि दिल्या दिल्या स्वतःच्या तोंडावर हात दाबला. मास्तर सत्काराला नव्हते. सत्काराच्या जागी शोकसभा झाली.

त्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. म्हणलं, "खरं सांगा."

त्यांनी आधी प्रेसचं बटण बंद केलं. मग म्हणले, "अक्का, एखादा छापा गार लागतोय."

"म्हणजे?"

"प्रेसमधून निघालेला कपडा. हात पोळायला पाहिजे. वाफ निघायलेली दिसती डोळ्याला. आन् हात ठेवला की छापा गार. विहिरीतल्या दगडासारखा. जीभ मग माझी राहत न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. "मी असलं काही मानत न्हाई, अक्का. मी न्हाई मानत. मग माझ्याच हाताला कामून?"

 मी त्यांचा तळहात धरून बघितला, तो तर चांगला गरम होता. 

एकदा मात्र उलटं झालं, ते सांगायलाच पाहिजे. एक म्हातारा सोलापूरला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. डॉक्टरांनी हात टेकले. त्याचे नातू फार हुशार! ऐनवेळी धावपळ नको म्हणून त्यांनी आधीच भावपूर्ण श्रद्धांजलीचे टीशर्ट छापायला टाकले. अण्णांना वाटलं, म्हातारा गेलाच असणार. छापून हात ठेवला, तर छापा सणसणीत गरम, चटका बसून हात मागं घेतला. चार सूचना सांगितल्या आणि गठ्ठा पुढं सरकवला. नातवांना तोवर पाचवीची कुणकुण लागलेली. ते थांबलेले. "अन् पाचवी?"

"चार पुरे हायत."

"मामा, आजोबा हायत तिकडं व्हेंटिलेटरवर."

"मग कामून छापायलाव रे श्रद्धांजली, बेशरमांनो!" अण्णा उठून अंगावरच गेले त्यांच्या.

म्हातारा पुढच्या आठवड्यात घरी आला, बाजेवर बसला आणि भाकरी मागितली. वर कडी म्हणजे ते टीशर्ट त्याला सापडले. एक अंगात घालून काठी टेकत दुकानात आला. छातीवर स्वतःचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. "कापड चांगलं हाय," म्हणला, "ही अक्षरं तेवढी पुसून दे." अण्णा हसले असे, की खोकला लागला. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी क्वचितच पाहिलं.

कारण गावाला कळलं होतं, आणि गाव काय गप्प बसतंय? काहींनी दुकानात येणं सोडलं, रस्ता बदलून जायला लागले. पण त्याहून वाईट म्हणजे जे यायला लागले ते. कोणी आजारी सासूचा फोटो आणायचं, कोणी भांडणातल्या भावाचा. टीशर्ट नकोच असायचा त्यांना. कान टवकारून बसायचे, चारवर थांबतात की पाचवर जातात. एक सून तर चारवर थांबल्यावर "नीट हात ठेवून बघा की ओ" म्हणली. मी भिंतीपलीकडून येऊन तिला अशी धुतली, की गार पाणी नको नि उलटं नको.

अण्णांनी पाटी लावली, चारी सूचना लिहून. लोक म्हणायचे, वाचली, आता तोंडानं सांगा. अण्णांनी छाप्याला हात लावणं सोडलं. फडक्यात धरून कपडा काढायचे, घडी घालायचे. बोलणंच सोडलं शेवटी. एक दिवस माझ्या दारात आले.

"अक्का, तुमची जीभ बरी चालती. उद्यापासून सूचना तुमी सांगा."

"अन् मला आलं तसलं काही तोंडात?"

"तुमी काय हात लावणार न्हाई. विचारून सांगा. हयात का गेलेले. हयात असले तर चार, गेलेले असले तर पाच."

तसं सुरू झालं. मी ब्लाउजाची गळपट्टी बाजूला ठेवून उठायची आणि गिऱ्हाइकाला बसवायची. आणि काय सांगू, मला ते काम लई आवडायला लागलं. चार सूचना सांगून मी कधी थांबायची नाही. साबण कुठला घ्या, बादलीत किती वेळ भिजवा, पावसाळ्यात वास आला तर काय करा, तुमच्या सुनेला कपडे धुवायला येतात का, सगळं. गिऱ्हाईक जांभया द्यायला लागायचं. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकायचे. कधी भलतं काही निघालं नाही माझ्या तोंडून. लोकही विसरत गेले. नवीन काही बघायला मिळालं नाही की लोक विसरतात.

पण मागच्या दोरीवरचा शर्ट विटत चालला होता. चारी सूचना पाळूनही. आधी डोळे गेले. मग नाक, गाल. शेवटी नुसतं हसू राहिलं, पांढऱ्या कापडावर. मला तर दिवेलागणीला तिकडं बघवेना. अण्णा रोज त्याच्यापुढं उभे राहायचे. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय आहे. नवीन छापायला पाहिजे, आणि नवीन छापला की तो प्रेसमधून निघणार. तो गरम निघंल का गार, एवढ्यासाठी तो माणूस किती दिवस जळत होता.

एका दुपारी मी मशीनवर होते. दारात सावली पडली. अण्णा उभे होते, हातात फडकं, फडक्यात शर्ट. त्यातून वाफ निघत होती. ताजा छापलेला. त्यांचा हात कुठं लागलेला नव्हता.

ते आत आले नाहीत. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं, फळीच्या पलीकडं उभे राहिले, मग स्टुलावर बसले. शर्ट फडक्यासकट माझ्यापुढं ठेवला आणि फडकं सोडवून घेतलं.

"सांगा," म्हणले.

"अण्णा, वेड लागलंय का तुमाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"सांगा अक्का. हात ठेवा आन् सांगा."

पोरगं हसत होतं. चिंध्यांचा चेंडू मारून पळताना हसायचं ना, तसंच. मी हात ठेवला.

देवाशपथ सांगते, मे महिना होता, पत्र्याखाली घामाच्या धारा लागलेल्या, आणि कापडातून वाफ वर येताना मला दिसत होती. तळहात गार पडला. गार म्हणजे असा, की बोटांची पेरं दुखायला लागली.

"उलटा करून गार पाण्यात धुवा," मी म्हणलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "पिळू नका. सावलीत वाळवा. छाप्यावर इस्त्री फिरवू नका."

आणि ते वाक्य वर आलं. मी आणलं नाही, ते आलं. उलटी येते तसं, घशातून, पोटातून. जिभेवर येऊन बसलं. ज्या बाईनं जन्मात एक शब्द मागं ठेवला नाही, तिनं दात आवळले. जीभ चावली. तोंडात रक्ताची चव आली. मी ते गिळलं.

"झालं," मी म्हणलं. "एवढंच."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चारी सूचना म्हणून दाखवल्या, नियमानं. फडक्यात शर्ट घेतला. "बरं," म्हणले आणि गेले. जाताना हसलेसुद्धा. मी दार लावून घेतलं आणि मशीनवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. वाटलं, वाचवलं मी. त्यांनाही आणि पोरालाही.

संध्याकाळी पाणी भरायला मागं गेले. ऊन अजून भिंतीवर होतं. अण्णा दोरीपाशी उभे होते आणि चिमटे काढत होते. नवा शर्ट त्यांनी उतरवला, चेहरा आत करून घडी घातली, खांद्यावर टाकला. दिवे लागायच्या आत. त्यांच्या पायाशी तांब्या होता. तो उचलून त्यांनी सगळं पाणी दोरीखाली ओतलं, सावकाश, कोणाचे तरी पाय धुवावेत तसं.

"अण्णा, मी काय बोलले न्हाई! चारच सांगितल्या मी, चारच!"

"व्हय, अक्का." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "पण आजवर तुमी कधी 'एवढंच' म्हणला न्हाईत."

पोराचं पुढं काही कळलं नाही. ना फोन, ना पोलीस, ना कोणी बघितल्याची खबर. अण्णांनी पुन्हा चौकशी केली नाही. शर्ट धुवायचे, वाळवायचे, उजेडात आत घ्यायचे. झोप लागायला लागली होती त्यांना, एवढं खरं. थंडीत त्यांची तब्येत उतरली. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. स्टुलावर बसवलं. हातात दोन शर्ट ठेवले, एक पोराचा, आणि एक नवा. नव्यावर त्यांचा स्वतःचा फोटो, जन्मात पहिल्यांदा.

"हात लावून बघितलाय," ते म्हणले, अगदी सहज. "आता ऐका." आणि पाचीच्या पाची सांगितल्या. "म्हणून दाखवा."

मी चार म्हणून थांबले. "पाचवी मी म्हणणार न्हाई."

"मग शर्ट मिळणार न्हाई. नियम हाय."

"अण्णा, मरू द्या तुमचा नियम!"

"म्हणा, अक्का. माझी म्हणा. मला त्याची भीती न्हाई वाटायली."

त्यांची मी म्हणून दाखवली. हुंदक्यात अर्धी गेली, तर त्यांनी ती परत म्हणायला लावली. असा माणूस.

त्यांच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. दोरी तिथंच आहे. दर सोमवारी मी दोन्ही शर्ट धुते, गार पाण्यात, उलटे करून, आणि सावलीत घालते. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की अण्णांचा शर्ट काढते आणि घडी करून आत ठेवते. पोराचा सुलटा करून तिथंच राहू देते. अंधार पडत जातो, कापड दिसेनासं होतं आणि शेवग्याखाली तो उभा राहतो, हसत. भीती वाटते मला, नाही कशी म्हणू? ते वाक्य दर वेळी घशातून वर येतं. मी दात आवळून घेते आणि तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवते.

मी अजून काही बोललेली नाही.